भाईर गेली न्हाई

"चांगलंच हाय म्हनली ती. अंगातलं पानी अंगात ऱ्हातंय."

दवाखान्याच्या व्हरांड्यात एक बाई दुसरीला हे सांगत होती. मी आत खिडकीपाशी बसून बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवत होते. बोलणारी भागूबाई होती, आंदर मावळातली. थोड्या वेळापूर्वीच ती आपल्या सुनेला दाखवून बाहेर आली होती आणि पाचच्या गाडीची वाट बघत बसली होती. मला वाटलं, आम्ही सांगितलेल्या लाह्यांच्या पाण्याबद्दल ती बोलते आहे. मी पुढची चिठ्ठी उचलली.

संपादकबाईंनी दिवाळी अंकासाठी लेख मागताना लिहिलं होतं की दवाखान्यातल्या गमती लिहा, लोकांना आवडतात. गमती होत्या. त्या मी सांगणार आहे. पण लिहायला बसले की आधी हेच वाक्य ऐकू येतं, म्हणून ते सुरुवातीलाच लिहून टाकलं.

लोणावळ्यात बाजारापासून जरा लांब एका इंग्रज डॉक्टरीणबाईंचा बायकांचा दवाखाना होता. एक तपासायची खोली, दोन खाटा, औषधांची खोली आणि पुढे व्हरांडा. मागच्या बाजूला मॅडमचा बंगला. मॅडमना मराठी चार वाक्यं येत होती. "जीभ दाखवा", "कुठे दुखतं", "श्वास घ्या" आणि "घाबरू नको". त्यापुढचं सगळं माझं काम. बाईचं बोलणं मॅडमना इंग्रजीत सांगायचं आणि मॅडमचं बाईला मराठीत. या कामाला शिक्षण काय लागतं असं मला पुष्कळांनी विचारलं. दोन भाषा लागतात. माझ्याकडे दीडच होती, हे मला उशिरा कळलं.

माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. वडील वडगावच्या कोर्टात वकिली करत, घर तळेगावला. घरात बाईमाणूस नाही म्हणून त्यांनी मला पुण्यात गोऱ्या जोगिणींच्या कॉन्व्हेंट शाळेत ठेवलं. तिथे मराठी बोललं की शिक्षा. घरी सुट्टीपुरतं यायचे, आणि सुट्टीत वडील आणि स्वयंपाक करणारे काका एवढेच बोलायला. माझं मराठी हे असं सुट्टीतलं मराठी होतं. त्यात आंबे होते, पुस्तकं होती, पत्ते होते. बाईच्या शरीराबद्दलचा एक शब्दही नव्हता.

त्यामुळे पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. एका म्हातारीनं आपली नात पुढे केली आणि म्हणाली, "हिला दिस गेल्यात." मी मॅडमना सांगितलं की हिचे दिवस संपत आलेत, ही आता जगत नाही असं आजी म्हणते. मॅडमनी घाईनं नाडी धरली, डोळे बघितले, छाती तपासली. मुलगी चांगली धडधाकट, लाजून हसते आहे. शेवटी कपडे उकळणाऱ्या सगुणामावशी मागून आल्या आणि पोटावर हात फिरवून दाखवला. मॅडम इतक्या हसल्या की त्यांनी चष्मा काढून ठेवला. ती गोष्ट पुढे त्या प्रत्येक पाहुण्याला सांगत. मीही सांगत असे. दुभाष्याची चूक म्हणजे हसण्यासारखी गोष्ट, असं त्या दिवसापासून आम्हा दोघींच्या मनात बसलं.

आमच्याकडे सर्वांत जास्त येत त्या नुकते दिवस गेलेल्या, मळमळ आणि उलट्यांनी बेजार झालेल्या मुली. मॅडमचा पहिला सल्ला ठरलेला असे. सकाळी उशीवरून डोकं उचलायच्या आधी कोरडा भाजलेला पाव खायचा, मग पंधरा मिनिटं पडून राहायचं. पोट रिकामं ठेवायचं नाही, थोडं थोडं आणि सारखं खायचं. सल्ला खरा होता. मी तो शब्दाला शब्द सांगितला तेव्हा एक सासू म्हणाली, "तोंड न धुता, आंथरुनात? आन् जात्यावर कोण बसंल, मडम बसंल का?" व्हरांडा हसला. सून मान खाली घालून बसली होती, तिला तेव्हाही उमासा येत होता.

दोन-तीन महिने हे असंच चाललं. मग मला एक सुचलं. भाकरीच्या कडा विस्तवावर कडक भाजायच्या, साळीच्या लाह्यांबरोबर कुटायच्या, चिमूटभर सैंधव घालायचं आणि औषधाच्या कागदात पुडी बांधायची. सांगायचं की हे औषध आहे. पहाटे डोकं न उचलता घ्यायचं आणि घटकाभर पडून राहायचं, नाहीतर गुण येत नाही. औषधाला कोणतीच सासू अडवत नसे. सगुणामावशी मागच्या चुलीवर भाकरी भाजत आणि म्हणत, "बाई, सासवांच्या डोळ्यांत धूळ न्हाई, भाकर फेकताय तुमी." मॅडमना कळल्यावर त्यांनी एक पुडी स्वतः खाऊन बघितली आणि चहाबरोबर आणखी एक मागितली. पुढे बायका येऊन विचारू लागल्या, "ती पुडीवाली बाई कुटं हाय?" त्या पुड्यांचं श्रेय मी आजही घेते. दुसरं फारसं घेण्यासारखं नाही.

एक रेल्वेतल्या फायरमनची बायको आठवते. तिला फोडणीचा वास सहन होत नसे, दुधाचा होत नसे, फुलांचासुद्धा नाही. फक्त नवऱ्याच्या कपड्यांना येणारा कोळशाचा वास घेतला की बरं वाटे. घाटात विजेची इंजिनं आली आणि नवऱ्याला त्यांच्यावर घातलं. तो स्वच्छ कपड्यांनी घरी येऊ लागला आणि हिच्या उलट्या वाढल्या. त्याला परत कोळशाच्या इंजिनावर घ्यावं अशी चिठ्ठी मॅडमनी साहेबाला लिहून द्यावी, असं तिचं म्हणणं होतं. मी हे गंभीरपणे इंग्रजीत सांगितलं. मॅडमनीही गंभीरपणे ऐकलं. चिठ्ठी दिली नाही, पण फडक्यात कोळशाचा खडा बांधून जवळ ठेव म्हणाल्या. तेवढ्यानं भागलं.

बहुतेकींचं असंच कशानं ना कशानं भागे. आलं-लिंबू, कोकमाचं पाणी, भाजलेली भाकरी, आणि चौथा महिना. काही थोड्या मात्र अशा येत की त्यांच्या पोटात पाण्याचा घोटही राहत नसे. त्यांच्याबाबत मॅडमचा एक नियम होता, आणि तो त्यांनी मला पहिल्याच महिन्यात पाठ करून घेतला होता. उलट्या कितीही होवोत, लघवी होते आहे तोवर बाई घरी सांभाळता येते. ती थांबली की तिला जाऊ द्यायचं नाही. खाटेवर घ्यायचं आणि मिठाचं, साखरेचं पाणी दुसऱ्या वाटेनं शरीरात घालायचं. म्हणजे घरी जायचं की खाटेवर राहायचं, हे एका प्रश्नावर ठरे, आणि तो प्रश्न मराठीत मी विचारायचा.

मला तो विचारता येत नसे. आमच्या शाळेत 'मला जरा जाऊ द्याल का' एवढंच म्हणायचं असे. कुठे जायचंय ते कोणी बोलत नसे. घरी वडिलांसमोर तर प्रश्नच नव्हता. ती गोष्ट मी कोणत्याच भाषेत कधी उच्चारली नव्हती. व्हरांड्यातल्या दहा-बारा बायका, कधी बरोबर आलेला सासरा किंवा दीर, आणि त्यांच्यासमोर मी अविवाहित मुलगी. तेव्हा मी तो प्रश्न हलक्या आवाजात असा विचारायचे: "बाकी सगळं नीट आहे ना?" बायका मान हलवत. मी मॅडमना सांगायचे, हो, होते आहे. असं मी किती जणींच्या बाबतीत केलं असेल, ते मला आठवत नाही. त्यातल्या बहुतेकींचं खरोखरच नीट असणार. नाहीतर हे आधीच उघडकीला आलं असतं.

हौसाला आणलं ते भाताची आवणी उरकल्यावर, श्रावणात. घरून वडगावपर्यंत बैलगाडी, पुढे आगगाडी आणि स्टेशनावरून सासूच्या खांद्याला टेकून. तिसरा महिना. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. ओठ सुकून त्यांना भेगा पडल्या होत्या. तिनं माझ्याकडे बघितलं आणि बाकड्यावर बोटानं रेघा ओढत राहिली. सबंध वेळात ती एकदाच बोलली. मी पुडी दाखवली तेव्हा म्हणाली, "भाकरीचा वास येतोय." मला वाटलं आता सगळं फुटणार. ती थोडीशी हसली.

मॅडमनी जीभ बघितली, कातडी चिमटीत धरून सोडली. त्यांना ती खाटेवर घ्यावी असं वाटत होतं. दोन्ही खाटा भरलेल्या होत्या, पण एक बाई उठवता आली असती. त्या मला म्हणाल्या, "विचार. लघवी होतेय का, आणि शेवटची कधी झाली?"

मी भागूबाईला विचारलं, "मावशी, बाकी सगळं नीट आहे ना?"

"कशाचं नीट बाई. दोन दीस झालं, भाईर गेली न्हाई."

मी मॅडमना सांगितलं की हो, नीट होते आहे, आणि दोन दिवस ती घराबाहेर पडलेली नाही.

"छान," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. "सासू शहाणी दिसते. आणखी दोन आठवडे बाहेर पडू देऊ नको म्हणावं."

मी भागूबाईकडे वळले. "मॅडम म्हणतात, चांगलं आहे ते. आणखी पंधरा दिवस बाहेर नाही गेली तरच बरं."

भागूबाई माझ्याकडे बघत राहिली. "गेली न्हाई तर बरं?"

"हो. चांगलंच आहे."

तिनं मान हलवली. मोठ्या माणसाचं न पटणारं बोलणं आपण स्वीकारतो तशी. पुड्या आणि लाह्या पदरात बांधल्या आणि सुनेला घेऊन व्हरांड्यात जाऊन बसली. तिथे बसून तिनं स्वतःची समजूत घातली. पोरीचं सगळं पाणी उलट्यांतून जातंय, तर खालून तरी जात नाही हे चांगलंच. मडम उगाच म्हणणार नाही. मी वर लिहिलेलं वाक्य ते.

साडेचारच्या सुमारास त्या दोघी उठून हळूहळू स्टेशनकडे गेल्या. सगुणामावशी दिवसभर मागच्या खोलीत कपडे उकळत होत्या. फाटकापाशी त्यांची आणि भागूबाईची गाठ पडली. त्या आत आल्या त्या पदराला हात पुसत.

"बाई, त्या पोरीला का सोडली? सासू म्हनती दोन दीस भाईर गेली न्हाई."

"म्हणजे घरातच होती ना."

सगुणामावशींनी हातातला पदर सोडला. "घरातच? अवो भाईर म्हंजी लगवीला. आमी बायका दुसरं काय म्हननार? मडमला सांगा, जा. आजून गाडी गेली न्हाई."

"सांगते मी," मी म्हटलं, आणि त्यांचा विश्वास बसला. त्या परत चुलीकडे गेल्या.

मी बंगल्याकडे गेले. पायऱ्या चढले. मॅडमकडे तुंगार्लीच्या बंगल्यांमधले दोन गोरे साहेब आणि एकाची मडम चहाला आले होते. चौघंही माझ्याकडे बघू लागले. एक साहेब अर्धवट उठला, मला खुर्ची द्यावी की नाही हे त्याला कळेना.

"काय गं?" मॅडमनी विचारलं.

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, इंग्रजीत. नऊ-दहा शब्दांचं. त्या साहेबांसमोर त्यातला एक शब्द मला उच्चारता येईना. मॅडमना बाजूला बोलवायचं एवढंसुद्धा सुचलं नाही. मी म्हटलं, "काही नाही. उद्याच्या औषधांचं विचारायचं होतं." आणि उतरून आले.

स्टेशन दहा मिनिटांवर होतं. मी स्वतःच जाऊ शकले असते. मॅडमच्या हुकुमाशिवाय त्यांना थांबवायचं कसं, असं स्वतःला सांगत मी कुंपणाच्या मेंदीपाशी उभी राहिले. गाडी सुटल्याचं तिथून ऐकू आलं. आजही कोणी मला विचारलं की त्या वेळी तू काय करत होतीस, तर खरं उत्तर एवढंच आहे की मी पाहुणे जायची वाट बघत होते.

ते गेले सहाला. मी मॅडमना सांगितलं. पण सगळं सांगितलं नाही. म्हटलं की आता सगुणामावशींकडून कळलं, त्या मुलीला दोन दिवस लघवी झालेली नाही. सासूनं मला स्पष्ट सांगितलं नाही. मॅडम रागावल्या, पण माझ्यावर नाही. "या लोकांना काय महत्त्वाचं तेच कळत नाही," म्हणाल्या, आणि मुलीला परत आणा अशी चिठ्ठी लगेच लिहायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं सगुणामावशींना पाठवलं. मी जाते असं मी म्हटलं होतं. पाऊस आणि चिखल बघून मॅडमनी जाऊ दिलं नाही, आणि मी हट्ट धरला नाही. वडगावच्या पुढे त्या चालत गेल्या. ओढ्याला पाणी होतं म्हणून पलीकडे जायला दुपार झाली. घरी पोचल्या तेव्हा हौसा माणसं ओळखत नव्हती. भागूबाई त्यांना म्हणाली, "पर मडमनं तर चांगलं हाय म्हनून सांगितलं." सगुणामावशींनी गाडी जुंपायला लावली. रात्री पाणी ओसरायची वाट बघितली. सकाळी गाडी वडगावला पोचायच्या आत हौसा गेली.

सगुणामावशी परत आल्या आणि हे सगळं त्यांनी मला सांगितलं, कारण मॅडमना ते मीच सांगायचं होतं. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुमी मडमला कवा सांगितलं, बाई?" मी म्हटलं, लगेच. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मॅडमना मराठी. त्या दोघींच्या मध्ये मीच उभी होते, आणि मला हवं ते दोन्हीकडे पोचत होतं.

मॅडमनी वहीत नोंद केली. नाव, महिना, लक्षणं आणि खाली एक ओळ: नातेवाइकांनी दिलेली माहिती विश्वास ठेवण्याजोगी नाही. वही लावून ठेवणं हे माझं काम होतं. मी ती जागेवर लावली.

पुढचे महिने मी काम करत राहिले. तो प्रश्न आता मी विचारत असे, पण कानात, कुजबुजत. पुड्या बांधत असे. आंदर मावळातून येणाऱ्या बायका कमी झाल्या. मॅडम दोनदा म्हणाल्या, "तिकडच्या का येत नाहीत? विचार कोणाला तरी." मी विचारलं नाही. कारण मला माहीत होतं. मडम उलटं सांगते, मडमच्या सांगण्यानं सून गेली, असं तिकडे घरोघर झालं होतं, आणि मळमळीनं बेजार झालेल्या मुली घरीच पडून होत्या. मी बोलत नव्हते त्या प्रत्येक दिवसाची किंमत त्या देत होत्या, आणि त्यांची नावंसुद्धा मला कधी कळणार नव्हती.

भात झोडून झाल्यावर भागूबाई आली. बरोबर धाकटी सून, तिलाही दिवस गेलेले आणि तिचेही ओठ तसेच सुकलेले. गावात सगळ्यांनी अडवलं तरी ती आली होती, कारण दुसरीकडे कुठे जायचं हे तिला ठाऊक नव्हतं. खोलीचं दार उघडं होतं. व्हरांडा भरलेला होता, आणि कडेला एका बाईचा सासरा बसला होता. सगुणामावशी पाण्याचं पातेलं घेऊन दारात थांबल्या.

भागूबाई मॅडमसमोर बसली, पण बोलली माझ्याशी.

"बाई, मडमला म्हनावं, माजा राग न्हाई. तिनं सांगितलं तसं मी केलं. भाईर गेली न्हाई तर बरं म्हनली, मी गप बसले. मला मनात येत व्हतं की ह्ये काय खरं न्हाई. पर एवढी शिकल्याली बाई, ती का खोटं सांगंल? माजी पोर गेली. आता हिच्या टायमाला मडमला म्हनावं, नीट इचार करून सांग. एकडाव चुकली, आता चुकू नको."

ती रडत नव्हती. धाकट्या सुनेचा हात तिनं दोन्ही हातांत धरला होता. व्हरांड्यातल्या बायका दाराशी सरकल्या होत्या. त्यांनाही मडमचं उत्तर ऐकायचं होतं.

मॅडम म्हणाल्या, "काय म्हणतेय ती? मडम, मडम असं सारखं येतंय. आणि ही त्या मुलीची सासू ना?"

मला अजूनही काहीतरी वेगळं सांगता आलं असतं. तुमचे आभार मानते आहे म्हटलं असतं तरी मॅडमनी ते ऐकलं असतं आणि भागूबाईकडे बघून मान हलवली असती. भागूबाईलाही वाटलं असतं की उत्तर मिळालं. तसं वाक्य मनात तयारही झालं, आपोआप.

मी मॅडमना इंग्रजीत सगळं सांगितलं. प्रश्न कसा विचारला, उत्तर काय आलं, त्याचा मी काय अर्थ केला, चहाच्या वेळी पायऱ्यांवर का आले होते, आणि सहा वाजता काय लपवलं. मॅडमनी लेखणी खाली ठेवली. मग मी भागूबाईकडे वळले. कुजबुजायची सवय झालेला आवाज नीट फुटेना, म्हणून दुसऱ्यांदा म्हणावं लागलं, आणि ते सगळ्या व्हरांड्याला ऐकू गेलं.

"मावशी, मॅडमनी तसं सांगितलंच नव्हतं. हौसाला लघवी होत नाही, हे मी त्यांना कळूच दिलं नाही. चांगलं आहे म्हणणारी मी होते."